खेळ संपले की सगळं आपलंच!

...नाही, पण मला एक सांगा, पोहण्याच्या तलावात पाणी असावं ही अपेक्षा फार आहे का हो? मीच काहीतरी जास्त मागतेय का? मला आपलं सारखं वाटतं, माझंच चुकत असेल. बी.एस्सी. झाले तरी वाटायचं, आई झाल्यापासून तर रोज वाटतं...

तर तुम्हाला सांगते, पेणच्या बाहेर, कासूच्या अंगाला त्या आठ देशांच्या स्पर्धा झाल्या ना, तेव्हा गावोगाव भोंगा लावून रिक्षा फिरली होती, "खेळ संपले की सगळं आपलंच!" स्टेडियम आपलं, धावपट्टी आपली, नवं उद्यान आपलं, आणि भल्यामोठ्या छपराखालचा आठ लेनचा स्विमिंग पूल, तोही आपलाच! म्हटलं, देव पावला. कारण आमचं घर खाडीला लागून. भरतीचं पाणी मागच्या दाराशी येतं, आणि आमची भूमिका, वय वर्षं पाच, पाणी दिसलं की अशी धावते, जशी मी लग्नात जिलबीकडे. आणि मला पोहता येत नाही! नवरा रोह्याला, कंपनीत, शिफ्टला. म्हणजे पोरगी पाण्यात गेली तर मी काठावर उभी राहून काय करणार... मोबाईलवर उपाय शोधणार?

सासूबाई म्हणतात, "त्यात काय गो? पाठीला डबा बांधायचा नि सोडायची खाडीत. मिठागरावरची आमची सगली पोरा अशीच शिकली." डबा! तेलाचा रिकामा डबा! म्हटलं, "आई, मी तिला शास्त्रशुद्ध शिकवणार, पुलात. तिथे कोच असतो, शिट्टी असते." तर म्हणाल्या, "शिट्टीनं कोण तरंगतो?" मी लक्षच दिलं नाही. गुलाबी ड्रेस मागवला, टोपी मागवली, गॉगल मागवला. खेळ संपले की सगळं आपलंच ना!

खेळ संपले. पाहुणे गेले, झेंडे उतरले, पुलाच्या गेटला कुलूप. गेले तिथल्या ऑफिसातल्या साहेबांकडे. साहेब चहावर फुंकर मारत म्हणाले, "मॅडम, हस्तांतरण चालू आहे." कोणाकडून कोणाकडे? "तेच तर ठरतंय." पुन्हा गेले. "मॅडम, पूल काय पळून जातोय का?" नाही हो साहेब, पूल नाही पळत, पण पोरगी वाढतेय आणि ड्रेस वाढत नाहीये!

तोवर बाकीचं मात्र भराभर आपलं व्हायला लागलं. उद्यानात शेळ्या आल्या, परदेशी गवत त्यांना इतकं मानवलं! धनुर्विद्येच्या मैदानावर लग्नाचे मांडव पडले. आणि जिथे ती लांब पायांची माणसं वाऱ्यासारखी पळाली, तिथे ड्रायव्हिंग स्कूलची गाडी... आचके खात, मागे एक म्हातारबाबा गवताचा भारा घेऊन, आणि बघता बघता बाबा गाडीच्या पुढे!

मग एक दिवस माझा चुलत दीर धनेश, गणपतीचा कारखाना आहे त्याचा, तो म्हणाला, "वहिनी, पूल उघडला!" लगेच भूमिकाला ड्रेस घातला, रिक्षा केली, आत शिरले... तर पुलात गणपती! कोरड्या पुलात, आठही लेनमध्ये ओळीनं! उथळ बाजूला घरगुती, खोल बाजूला मंडळांचे, अजून डोळे आखायचे राहिलेले. धनेश रंगाचे हात पुसत म्हणतो, "पावसात मूर्ती वाळत नाय ना वहिनी! हितं वर छप्पर, खाली फरशी, नि पंखे बघा केवढे! साहेबांनीच दिलान, तात्पुरता. खेळ संपले, सगळं आपलंच!" आणि आमची भूमिका गॉगल लावून विचारते, "आई, यातला पहिला कोण येणार?"

धरला धीर. म्हटलं, मूर्ती घरोघर गेल्या की पूल रिकामा. आणि खरंच हो! गणपती बसले, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी धनेशचा फोन, "वहिनी, पुलात पाणी भरलंय! काठोकाठ!" पाणी! हातातलं वाटण तसंच टाकलं, पोरीला ड्रेस, टोपी, गॉगल, पुन्हा रिक्षा. आता आमचा गणपती गौरींबरोबर जाणारा, त्यामुळे आज दीड दिवसाचे निघतात हे डोक्यातच आलं नाही! पेणमध्ये राहून! घरात कारखानदार दीर असून!

गेटवर ढोल. आत ही रांग. जो तो पाटावर मूर्ती घेऊन उभा, आणि मधोमध मी, कडेवर गुलाबी टोपीतली पोरगी घेऊन. स्वयंसेवक ओरडतोय, "पुढे चला, पुढे चला! ताई, तुमचा गणपती कुठाय?" म्हटलं, "आम्ही... पोहायला आलोय." त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ताई, हा आता विसर्जन तलाव. दरवर्षीचा. बाकीचे दिवस मूर्ती वाळवायला. साहेब म्हणाले, आयता खोदलेला आहे, वाया कशाला घालवा?"

आरती झाली. पहिला बाप्पा उतरला, खोल बाजूला... आणि थेट तळाशी.

भूमिका बघतच राहिली. "आई, बाप्पालापण पोहता येत नाय?"

"नाय गो बाळा."

"त्याच्या आईनं नाय शिकवलं?"

म्हटलं, "तीपण बिचारी पूल उघडायची वाट बघत बसली असेल."

घरी आले आणि सरळ सासूबाईंना विचारलं, "आई, तो डबा कुठाय हो?" तर ओटीवर तयार! घासलेले, झाकणं घट्ट बसवलेले, दोरी बांधलेले... दोन. म्हटलं, "अहो आई, भूमिका एकटी, दोन कशाला?"

वरसुद्धा बघितलं नाही त्यांनी. "दुसरा तुला, गो."