भरलेली टोपली

मूल गावच्या बसस्टँडवर मागच्या बाकावर मायलेकी. लेक पुण्याला निघालेली. चॅटिंगच्या ॲपवर एका बोटानं पाठवायची छोटी चित्रं काढणं ही तिची नोकरी. तिनं मोबाइल आईपुढे धरला.

"आई, हे तुह्यासाठी काढलं. रिकामी टोपली दाबली, म्हणजे मले समजन, तू जंगलात मोहफुलं वेचाले गेली."

"अन् हे भरलेली?"

"म्हणजे घरी आली. मले तिकडे दिवसभर वाघच दिसते."

"अन् हे बाई कोण? तोंडावर पदर घेऊन हासून राह्यली?"

"तूच."

"चल! मी अशी हासते?"

"आताही तशीच हासून राह्यली."

"पण यंदा मोह कमी पडला, बाई. टोपली अर्धीच होते. मंग भरलेली कशी दाबू? खोटं होईन ना."

"रिकामी आणली तरी घरी आल्यावर भरलेलीच दाबजो."

"बरं. अन् तू रोज खोलीवर पोचली, त्याचं चित्र कुठी आहे?"