उपडं ताट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, अभिलेखागारातील सर्व कर्मचारी बंधुभगिनींनो, पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या मातोश्री, आणि ज्यांना निरोप द्यायला मन धजावत नाही त्या इथली जुनी दफ्तरं सांभाळणाऱ्या आपल्या दफ्तरताई, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पाच मिनिटांत माझी हजेरीसुद्धा घेऊन होत नसे. तेव्हा अध्यक्षांनी घड्याळाकडे जरूर पाहावं, मी पाहणार नाही.

माझ्याआधीच्या वक्त्यांनी ताईंची शिस्त सांगितली, चिकाटी सांगितली. चहाचा कप कागदांपासून चार हात लांब ठेवायला लावणारा त्यांचा दराराही सांगितला. मी फक्त माझ्या घरचं सांगणार आहे.

आमचं घराणं शिंप्याचं. घंटेच्या मनोऱ्यासमोरचं दुकान आजही आहे, माझा भाऊ चालवतो. पण वडिलांनी हौसेनं एक वंशावळ रंगवून घेतली होती आणि रंगाऱ्यानं सगळ्यात वर एक तलवार काढून दिली. का काढली, कुणाला ठाऊक! तेव्हापासून आम्ही स्वतःला कुणा सरदाराचे वंशज समजत होतो. ती गुंडाळी घेऊन, निवृत्तीनंतर, मी ऐटीत ताईंच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, जहागिरीची कागदपत्रं काढा.

ताईंनी वंशावळ उलगडली, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "सर, यात एकही बाई नाही. मग ही एवढी माणसं आली कुठून?"

मी गुंडाळी पुन्हा वरून खाली वाचली. असा प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता.

मग त्यांनी मला त्यांची रीत समजावली. इथं पाहिलंत ना, त्यांच्या टेबलामागं भिंतीवर एक लांबलचक कागद आहे? त्यावर राजे नाहीत, लढाया नाहीत. दुष्काळाची सालं, प्लेगची सालं, तापाच्या साथीचं साल, जनगणनेची सालं. त्या म्हणाल्या, "साधी माणसं सुखात असली की सरकारला त्यांची गरज नसते. कागदावर येतात ती संकटात. तुमच्या घरात कारण माहीत नसलेली एखादी सवय आहे का? तिथून सुरुवात करू."

सवय होती. आमच्याकडे जेवायला बसताना घरातल्या थोरल्या बाईच्या शेजारी एक ताट उपडं ठेवतात. त्यात कुणी वाढत नाही, जेवणं झाली की तसंच उचलतात. वडील त्याला भुताचं ताट म्हणायचे आणि आईचे डोळे वटारलेले दिसले की गप्प बसायचे. आईला तिच्या सासूनं शिकवलं, सासूला तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या पणजीनं. कारण कुणीच विचारलं नाही. गेल्या वर्षी आई रुग्णालयात होती, तेव्हा माझ्या बायकोनं विचारलं, "आई, हे ताट मी पुढं ठेवायचं, पण ते कुणाचं?"  तेव्हा आई मला म्हणाली, "अरे, तू इतिहासाचा मास्तर ना? मी सासष्ट वर्षं कुणाला जेवायला बोलावतेय, ते मला मरायच्या आत सांग."

हे ऐकल्यावर ताईंनी तलवार बाजूला सारली. पणजीचं वय मोजलं, भिंतीवरच्या कागदावर बोट फिरवलं आणि सन अठराशे सत्त्याहत्तरवर थांबवलं. मोठा दुष्काळ. मी हा धडा एकतीस वेळा शिकवलाय. दुष्काळाची कारणे लिहा, गुण चार. त्या चार गुणांत आमचं घर आहे, हे मला माहीत नव्हतं.

ताई सात महिने मदत छावण्यांच्या याद्या चाळत होत्या. स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत, बरं का. एका सकाळी त्यांचा फोन आला, "आईंना घेऊन या. रिक्षानं या, जिने चढवायला मी खाली येते."

याच दालनात, त्या खिडकीपाशी, आम्ही ते पान पाहिलं. पोरक्या मुलांची यादी. एका ओळीत माझ्या पणजीचं नाव, वय नऊ. खाली फक्त 'धाकटी बहीण, वय चार'. छावणीत प्रत्येक मुलानं आपली वाटी आणायची, वाटीगणिक पेज मिळायची आणि नावापुढं रोज एक खूण व्हायची. धाकटीच्या ओळीत अकरा खुणा होत्या. त्यापुढं कारकुनानं लिहिलं होतं, 'धाकटी वारली. थोरली तरीही दोन वाट्या आणते.'

आणि मंडळी, त्याच्यापुढं धाकटीच्या ओळीत आणखी एकोणीस खुणा होत्या. त्याच शाईत, त्याच हातानं.

मला आधी कळलंच नाही. ताईंनी हलकेच सांगितलं, "त्यानं दोन्ही वाट्या भरल्या, सर." एकतीस वर्षं मी मुलांना बजावलं की पुरावा खरा हवा. ही नोंद धडधडीत खोटी, आणि तिच्या जोरावर मी आज आपल्यासमोर उभा आहे. त्या कारकुनाचं नाव कुठेही नाही. 

शेवटच्या रकान्यात होतं, 'थोरलीस मनोऱ्यासमोरील शिंपी व त्याची बायको घेऊन गेली. मुलगी दोन्ही वाट्या सोडीना.' त्या शिंप्याला मूल नव्हतं. पणजोबा पुढं घरजावई म्हणून दुकानात बसले. म्हणजे वंशावळीत सगळ्यात वर सरदार नाही, आमच्या रक्ताचासुद्धा नाही, असा एक शिंपी आहे. तलवारीच्या जागी मी कात्री रंगवून घेतली आहे. आणि दोन मुली.

आईनं त्या चार वर्षांच्या मुलीच्या ओळीवर बोट ठेवलं. ताई कागदाला कुणाला हात लावू देत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी पान आईच्या आणखी जवळ सरकवलं. घरी आल्यावर बायकोनं सवयीनं ताट उपडं ठेवलं. आई म्हणाली, "आता सुलटं ठेव गं. आणि आधी तिला वाढ."

ताई, आपले आभार मानायला शब्द अपुरे पडतात, हे वाक्य मी फार ऐकलंय. आज पहिल्यांदा खरं वाटतंय. आयोजकांचे, आणि माझं लांबलेलं बोलणं सोसल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. उणंअधिक बोललो असेन तर म्हाताऱ्या मास्तराला माफ करा. आणि वाढणाऱ्या मंडळींना एक विनंती: आता जेवायला बसल्यावर माझ्या आईच्या शेजारची जागा मोकळी दिसेल. तिथलं ताट उचलू नका. वाढा.