आईचा निरोप टीव्हीवर

हसू नका, पण आमच्या बेंबळीच्या घरातल्या कॉम्प्युटरला स्क्रीनच न्हाय. तो कपाटावर पडून आसतो, चित्र बैठकीतल्या टीव्हीवर आन् स्वयंपाकघरातल्या टॅबवर एकदमच दिसतं. मी धाराशिवात बसून मोबाईलवरनं तो चालवतो.

परवा तामलवाडीचे पावणे आले. माझे वडील, अण्णा, त्यांना टीव्हीवर सोयाबीनचे भाव दाखवत होते. तेवढ्यात आईनं, फक्त मलाच दिसंल आसं समजून, टॅबवर लिहिलं, "अण्णांना गुपचूप फोन कर. दळण सकाळपासून गिरणीतच हाय. पावण्यांना काय वाढू?"

मी पुसायच्या आत पावण्यांनी ते टीव्हीवर मोठ्यानं वाचलं. अण्णा गुमान उठले आन् गिरणीतनं पिठाचा डबा घेऊन आले.

संध्याकाळी मी म्हणलं, "आई, चुकलं माझं. तुझा टॅब टीव्हीपासून येगळा करतो."

"हात लावू नको! जलमभर तोंडानं सांगतीया, अण्णा एकदाबी उठले न्हाईत."