बाईंनी आधीच तपासलेलं भाषण

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे आमचे संचालकसाहेब, आजच्या सत्कारमूर्ती बाई, बाईंना कायमचं घरी न्यायला पहिल्या रांगेत येऊन बसलेले त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आमच्या जाहिरात संस्थेत लिहिलेला कोणताही मजकूर बाईंच्या लाल पेन्सिलीखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. त्यामुळे झालं काय, की मी हे भाषण लिहिलं आणि सवयीने थेट बाईंच्याच टेबलावर नेऊन ठेवलं. हसा, हसा! ज्यांना निरोप द्यायचा त्यांच्याकडूनच निरोपाचं भाषण तपासून आणलंय मी.

खरं तर हा नुसता सत्कार नाही. निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोन दिवस तरी यावं, म्हणून आम्ही सगळ्यांनी बाईंना विनवून पाहिलं. त्या काही बधेनात. शेवटी साहेब मला म्हणाले, "लोकांच्या गळ्यात काहीही मारतोस ना? मग आता बाईंना पटव." पण पटवण्याच्या सगळ्या युक्त्या ज्यांनी शिकवल्या, त्यांच्यावरच त्या चालवायच्या कशा, सांगा बरं?

या भाषणात मी त्यांना आधी 'दीपस्तंभ' म्हटलं होतं. बाई म्हणाल्या, "दीपस्तंभ जागचा हलत नाही. मी तुझ्या चुका हातात घेऊन तुझ्यामागे जिन्यावरून धावलेय." रूपक गेलं. मग 'कर्तृत्व, कल्पकता आणि करुणा' असा झकास अनुप्रास होता. "करुणा? कुणावर केली रे मी?" मी पुष्कळ आठवून पाहिलं. तोही गेला. 'बाईंविना हे कार्यालय कोसळेल' या अतिशयोक्तीवर त्या एवढंच म्हणाल्या, "इमारत नवी आहे."

नवखा असताना मी एका गादीच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'ढगासारखी मऊ'. बाईंनी विचारलं, "ढगावर झोपलायस कधी?" आणि मला दुकानात पाठवलं. गादीवर आडवा झालो आणि गिऱ्हाइकांच्या देखत चक्क घोरायला लागलो. परत आल्यावर बाई म्हणाल्या, "आता हेच लिही." तेच लिहिलं, आणि गाद्या हातोहात खपल्या.

तेव्हा अलंकार राहू द्या. हे पुढचं मात्र मी बाईंना दाखवलेलं नाही. बाई, तुम्ही गेलात तरी मजकूर छापायला पाठवण्याआधी मी तो घेऊन तुमच्या रिकाम्या टेबलापाशीच जाईन. तुम्ही माझ्या लिहिण्यावर रागावता, तेव्हा कुणीतरी ते मनापासून वाचलंय एवढं मला कळतं. ते मला हवंय. दोन दिवस तरी या. तुमच्याशिवाय आम्ही, आमचं लिहिणं, आमचे शब्द...

काय म्हणालात, बाई? जरा माईकवर सांगता? नको? बरं, मीच सांगतो. बाई म्हणताहेत, "शेवट पसरलाय. नीट कर आणि सोमवारी दाखव."

अध्यक्ष महोदय, सोमवारी! सगळ्या सभागृहाने ऐकलंय. बाई, आता तोंडावर हात ठेवून उपयोग नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. काका, तुमची मात्र हात जोडून माफी मागतो. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. दुरुस्त्या सोमवारी होतीलच.