चाळीस नव्या जुन्या पिशव्या

...मोठ्यांनी सांगितलं की मान हलवायची आणि 'का' विचारायचं नाही! आमच्या दुकानाचा हा नियम आहे, तुम्हाला सांगते, आणि तो पाटीवर वगैरे लिहिलेला नाही, पाटीवर असता तर निदान पुसता तरी आला असता, तो बाबांच्या भुवईत आहे. उजव्या. ती भुवई वर गेली की मी शाळेत असताना गप्प बसायचे, कॉलेजात असताना गप्प बसायचे, आणि आता पदवी घेऊन त्याच काउंटरमागे, त्याच स्टुलावर गप्प बसते... म्हणजे बसत होते. परवापर्यंत.

दुकान बॅगांचं. शाळेच्या, ऑफिसच्या, प्रवासाच्या. मालक दोन, बाबा आणि आत्या, आणि ते भाऊबहीण असल्यामुळे तिसऱ्याला मत नाही. तर उन्हाळ्याच्या तोंडावर मी म्हटलं, बाबा, लोकांना हल्ली गवताच्या विणलेल्या पिशव्या हव्या असतात, हलक्या, उन्हात बऱ्या दिसणाऱ्या, पण नव्या घ्यायच्या आणि दोन महिन्यांनी फेकायच्या हा काय शहाणपणा? घराघरांत कपाटांवर जुन्या धूळ खात पडल्यात, त्या आणू, मी दुरुस्त करते, मला फक्त एक फळी द्या. एक! तर आत्या अशी दचकली, जसा काही मी मेलेला उंदीर मांडायला जागा मागितली. "दुसऱ्यांच्या वापरलेल्या? शी! कुणाच्या काखेत लोंबल्या असतील, आत काय काय कोंबलं असेल! एवढं नावाजलेलं दुकान आणि तू भंगार गोळा करणार?" मी म्हटलं, आत्या, हॉटेलातला चमचा कुणाकुणाच्या तोंडातून आलेला असतो, तो बरा चालतो तुला? झालं, भुवई वर. का विचारायचं नाही!

तरी मिळाली फळी. सगळ्यात खालची, पायपुसण्याला लागून. मी दारोदार हिंडून बारा पिशव्या आणल्या. आणि तुम्हाला वाटत असेल की चार टाके घातले की झालं... अहो, गवत कोरडं असताना वाकवलं की कडकन मोडतं! आधी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, त्याची मनधरणी करायची, मऊ झालं की दाभणानं एकेक काडी ओवायची. बोटांची चाळण झाली माझ्या. पण प्रत्येक पिशवीला मी हातानं लिहिलेलं कार्ड बांधलं, 'ही पिशवी जुनी आहे. बंद तुटला होता, नवा विणला. तळ उसवला होता, शिवला.' खाली माझी सही. लपवायचंय काय त्यात? आणि काय सांगू, बाराच्या बारा आठ दिवसांत खपल्या! बायका पिशवी नंतर बघायच्या, आधी कार्ड वाचायच्या.

आणि मग आमच्या बाबांना पर्यावरणाचा असा काही पुळका आला, असा काही पुळका आला... की दारात टेम्पो उभा. चाळीस पिशव्या. कोऱ्या करकरीत! आणि गवताच्या? छे हो! रंग तेवढा गवताचा. मी एक काडी उपसून पेटत्या आगकाडीवर धरली, तर राख होईना, वितळून तिचा मणी झाला. प्लास्टिक!

मी म्हटलं, बाबा, या काय आहेत?

"जुन्या पिशव्या."

अहो, यांना अजून कारखान्याचा वास मारतोय!

"मारतोय ना? मग घालवूया."

कोण घालवणार? आत्या! जी आत्या माझ्या पिशव्या चिमटीत धरून नंतर तीनदा हात धूत होती, ती बाह्या सरसावून मागच्या खोलीत नव्या पिशव्यांना म्हातारपण आणायला बसली. आधी चहाच्या पाण्यात बुडवल्या. प्लास्टिकवर कसला चढतोय रंग... पालथ्या घड्यावर चहा! मग काचपेपरनं कोपरे घासले. मग काढलं बूटपॉलिश. तपकिरी. ब्रशनं अशी घासत होती, अशी घासत होती, की मागच्या खोलीला पोलीस चौकीचा वास यायला लागला. एवढ्यावर थांबेल तर ती आत्या कसली? "जुनं वाटायला आत काहीतरी सापडायला हवं गं," म्हणून प्रत्येक पिशवीच्या कप्प्यात एक केसांची पिन आणि एक बसचं तिकीट. आत्या रोज दुकानात बसनं येते, तर स्टॉपवर उतरणाऱ्या माणसांकडून तिकिटं मागून घेतली हो हिनं! मी म्हटलं, आत्या, अगं हे का... तर आता तिचीही भुवई! घराण्यातच आहे ती. का विचारायचं नाही!

इथवर मी गिळलं, तुम्हाला सांगते. त्यांचं दुकान, त्यांच्या पिशव्या, त्यांचं पॉलिश. पण परवा बाबांनी चाळीस कोरी कार्डं माझ्यापुढे आपटली. "लिहून काढ. अक्षर तुझंच हवं, गिऱ्हाईक ओळखतं."

काय लिहू?

"तेच आपलं. बंद तुटला होता, विणला."

पण तुटला नव्हता!

त्यावर आत्या पिशवी उचलून म्हणते, "मग तोडू का?"

आता बोला! म्हणजे या दोघांनी चाळीस वर्षांत कमावलं ते नाव दुकानाच्या पाटीवर आहे, आणि मी एका उन्हाळ्यात काय कमावलं? तर माझं अक्षर. तेवढंच. आणि तेच यांना हवंय, प्लास्टिकला बांधायला! पेन हातात घेऊन मी बसले, 'ही पिशवी' एवढं लिहिलं आणि हात पुढे सरकेना... तेवढ्यात दार उघडून शाळेतल्या बाई आत आल्या. माझ्या त्या बारा पिशव्यांतली एक यांच्याकडे आहे.

"अगं, तुझ्या त्या पिशवीत मी रोज वर्गभराच्या वह्या कोंबते, पण बंद हलला नाही हो! आता बहिणीला एक हवीय."

बाबांनी चपळाईनं पॉलिशवाली पुढे केली. बाईंनी कप्प्यात हात घातला. तिकीट. चष्मा वर करून बघतात तर, "अय्या, यावर परवाच्या मंगळवारची तारीख आहे!"

आत्या म्हणाली, "हो, त्या बाई मंगळवारीच आल्या होत्या ना... बसनं... पिशवी द्यायला."

बाईंनी दुसरी उघडली. "यातही मंगळवार."

"त्यांची बहीण," बाबा म्हणाले. "सोबत आली होती."

तिसरी. "आणि ही?"

"मोठं कुटुंब आहे."

अहो, पिनासुद्धा सगळ्या एकाच पाकिटातल्या! पण बाई भल्या, त्या माझ्याकडे वळल्या. "कार्ड कुठंय गं? ते वाचल्याशिवाय मी घ्यायची नाही."

"ही आत्ता लिहून देते," बाबा म्हणाले. "लिही गं." आणि भुवई वर. पार केसांपर्यंत.

मी पेनाचं टोपण लावलं.

म्हटलं, नाही लिहिणार. बाई, ही पिशवी जुनी नाही, गवताची नाही, कुठे तुटली नाही नि कुठे शिवली नाही, ही टेम्पोतून आली, मंगळवारचं कुटुंब बिटुंब काही नाही, हा सगळा माल प्लास्टिकचा आहे आणि यातल्या एकावरही माझं अक्षर जाणार नाही. आणि बाबा, आता तुम्ही सांगा, मी का लिहायचं? का? आत्या, तू सांग. का?

विचारलं! भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर! आणि काय झालं असेल? काही नाही. बाबा काउंटर पुसायला लागले. आत्या पिना मोजायला लागली. भुवई वरच राहिली, तिला खाली यायचं सुचेना. सगळा जन्म ज्या एका शब्दाला मी घाबरले, त्याचं उत्तर या दोघांकडे कधी नव्हतंच की हो!

मला वाटलं, आता बाई तरी पिशवी भिरकावतील, चार शब्द सुनावतील. बाईंनी पिशवी उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली, खांद्याला लावून काचेत बघितलं.

"पण किती छान जुनी दिसते ना! बहिणीला काय कळतंय... फक्त रंग जाणार नाही ना?"

मी बाबांकडे पाहिलं. आत्याकडे पाहिलं. शेवटी मीच म्हटलं,

"जातो, बाई. दर रविवारी बुटांबरोबर हिलाही ब्रश मारा."