बारमाही वाघ

— त्या खुर्चीवर नका बसू ताई, तिचा पाय हालते. इथं माह्याजवळ पायरीवर बसा. निकेश येतेच, माहा पोरगा, जंगलाचा गाईड हाये तो. आंघोळीले गेला, तोवर मी सांगते ना. काय लिहून पाह्यजे म्हणलं? बोरच्या जंगलाजवळ बाराही महिने काय काय करता येते? अगं माय! पुण्यावरून हिंगणीले येऊन हे विचारता? मी छत्तीस वर्सं झाले इथं बाराही महिने हाओ, मले कोणी नाई विचारलं. लिहा मंग — पह्यलं लिहा, बाराही महिने राह्यता येते. हासू नका, हे सोपं नाई.

हिवाळा लिहा. हिवाळा सगळ्यात चांगला. पहाटे जिप्सीत कुडकुडत जायाचं, वाघ पाहाले — आन् माकडं पाहून परत यायाचं. मोर दिसते, रोही म्हणजे नीलगाय दिसते, वाघ म्हणसान तं त्याची मर्जी. मंग आमच्या तीन खोल्याईत उतरलेले पाव्हणे तोंड पाडून येते, मी त्याईले पाटवडीचा रस्सा वाढते, आन् तिखटानं नाकातून पाणी आलं का वाघ इसरते. एक सायेब तं म्हणे, आई, वाघापेक्षा तुमचा रस्सा भारी. म्या म्हणलं, सायेब, तो रोज भेटते म्हणून. उन्हाळा? उन्हाळ्यात वाघ पाण्यावर येते म्हणून लोकं येते, आन् आल्यावर विचारते, एसी काऊन नाई. अहो बाप्पा, वाघ तरी कुठं एसीत राह्यते! उन्हाळ्यात मोहफुलं येचता येते. हे लिहाच. मुंबईची एक बाई आलती, तिनं पहाटेपासून टोपलंभर येचले, शंभर फोटो काढले, म्हणे किती शांत वाटते. माही सासू जनमभर येचत होती मोहफुलं, तिची कंबर गेली त्याच्यात. तिले शांत वाटलं असन का नाई, आमी कधी विचारलंच नाई. त्यावक्ती त्याले पोट भरनं म्हणत, आता एक्टिविटी म्हणते.

पावसाळा — हो, तुमी पावसाळ्याचंच विचारून राह्यल्या, समजलं मले. पावसाळ्यात गेट बंद. जंगलाले सुट्टी, जिप्सीले सुट्टी, आन् निकेशलेही सुट्टी. तीन-साडेतीन महिने या घरात पाव्हण्याचं चिटपाखरू नाई. पोरगा इथंच बसून राह्यते, माशा मारत. माही सून प्रेरणा, माहेर तिचं रोहण्याचं, पोरगी बोलाले सरळ — ते बोलली यंदा, आई, जंगल नऊ महिन्याचं, पोट बारा महिन्याचं. तिच्या भावानं नागपूरले एका गोदामात निकेशची नोकरी पाहून ठेवली. तिचं चुकीचं होतं असं नाई म्हणत मी. खरंच बोलली ते. पण माहा नातू दहा महिन्याचा, आन् माहे मालक जाऊन चार वर्सं झाले. हे दोघं-तिघं गेले नागपूरले तं या घरात मी कोनाले हाक मारू? कोंबड्याईले? मले वाटलं, पावसाळ्यातही पाव्हणे आले तं पोट्टे जानार नाई. बस, येवढंच वाटलं. त्याच्यात काय पाप हाये, सांगा.

मंग वाघ आला. हो हो, तोच, ज्याच्यासाठी तुमी आल्या. आखाडात, पावसाची उघडीप होती, सकाळी निकेश गोठ्यामागं गेला आन् वरडतच आला — आई, वाघ येऊन गेला! चिखलात हे येवढे ठसे, गोठ्यापासून हापशीपर्यंत. पोरानं लगेच फोटो टाकला मोबाईलवर, आन् दोन दिवसात फोन सुरू. आमच्याकडं पावसाळ्यात फोन! निकेशनं ठशावर घमेले पालथे घातले, पाऊस लागू नये म्हणून. जातानी दाखवन तो तुमाले. एक ठसा जरा खोल हाये, तो नीट नाई आला, मातीच वली होती, माह्या हातून जास्त दाबल्या गेलं —

काय म्हणलं म्या? हातून?

घ्या, च्या घ्या तुमी. थंडा होते.

आता असं हाये ताई, तोंडातून निघालं ते गिळता येत नाई. पण लिहू नका. माहे सासरे जंगल खात्यात मजूर होते. त्यावक्ती वाघ मोजाले ठशाचे साचे घेत, प्लास्टरचे. एक साचा त्याईनं घरी आनला होता, मले वाटते लेकराईले दाखवाले. तो धान्याच्या कोठीमागं पडून होता. म्या त्या पहाटे उठून तो चिखलात दाबला, चार ठिकानी. चारच दाबनार होती. मंग हौस आली, दाबतच गेली. हासता तं हासा, मीही हासली होती, तोंडात पदर घालून, एकटीच. मले वाटलं, झालं. वाघ एकदा आला म्हणजे पोरगा राह्यला.

आन् प्रेरणा? ते उठली, तिनं ठसे पाह्यले. त्याच आंगनात लेकरू रांगते तिचं. पिशवी भरली, पोट्टं कडेवर घेतलं, आन् निकेशले म्हणे, मले रोहण्याले सोडून दे. ज्या घरी वाघ येते त्या घरी मी लेकरू ठेवत नाई. आता दीड महिना झाला. खोल्या साऱ्या भरल्या, तीनही, पह्यल्यांदा या दिवसात — आन् घर खाली झालं. परवा तिनं मोबाईलवर पाठवलं, नातू उभा राह्यला, दोन पावलं टाकले. कुठं टाकले? रोहण्याले. माह्या आंगनात वाघाचे पाय उमटले ताई, नातवाचे नाई उमटले. शुक्रवारी तान्हा पोळा हाये, लेकराईचा. पुलगाववरून त्याच्यासाठी लाकडाचा बैल आनला म्या, चाकाचा, शिंगं रंगवलेला. लेकरू नसन तं बैल काय मी ओढू, गावभर?

सांगत काऊन नाई? कसं सांगू! सांगतलं तं पाव्हणे चालले जाईन, निकेश गावात तोंड दाखवू नाई शकन, त्यालेच तं लोकं विचारते वाघाचं. नाई सांगतलं तं सून येत नाई. मी रोज ठरवते, उद्या सांगीन. आन् उद्या कोणी तरी नवा पाव्हणा येते, म्हणते आई, वाघाची गोष्ट सांगा, मंग मी सांगत बसते. आता तं मले ते गोष्ट खरीच वाटते कवा कवा. दाराले आतून अडसर लावते मी, माह्याच वाघाच्या भेवानं.

नाई, कोणाले समजलं नाई. एक प्रेमदासले समजलं, आमचा नाकेदार, जंगल खात्याचा जुना मानूस. तो आला, वाकून पाह्यलं, आन् मले म्हणे, काकू, तुमचा वाघ साऱ्याच ठिकानी मागचा डावाच पाय टेकते काय? एकच साचा होता नं ताई! वाघाले चार पाय असते, हे ध्यानातच नाई राह्यलं माह्या. तो म्हणे पुसून टाका. म्या नाई पुसले. पन त्याचं येगळं, तो नाकेदार हाये. बाकी कोनाले डावं-उजवं समजते?

काय? निकेशले?

निकेशले कसं समजन, तो तं… हो, गाईडचं शिकला हाये तो. सहा दिवस होता शिकाले, सर्टिफिकेट हाये त्याचं भितीवर. ठसे शिकवते ना तिथं, पह्यल्याच दिवशी शिकवते म्हणे. पुढचा, मागचा, डावा, उजवा, नर, मादी. मलेच शिकवत बसला होता, राखेत बोटं दाबून दाबून.

आन् घमेले त्यानंच ठेवले. रोज सकाळी उचलून पाह्यते.

म्हणजे त्याले…

दीड महिना ताई. दर इतवारी जाते रोहण्याले, हात हालवत येते. म्हणते, ते नाई मानत आई. म्हणते, तिले भेव वाटते. तो एक शब्द बोलला असता तं — मी नाई बोलली तं नाई, मी म्हातारी, माही अक्कल येवढीच, पन तो, त्याचं लेकरू हाये ते —

आला वाटते. दार वाजलं.

ताई, तुमी एक काम करा. छत्री घ्या आन् धरनावर जाऊन या. पावसाळ्यात पाह्यासारखं असते, लिहाले होईन तुमाले. नाई, आत्ताच जा. निकेश! टॉवेल ठेव तो, इकडं ये. गाडीची चाबी घेऊन ये, रोहण्याले जायाचं हाये.