आठ निरोपांचा गठ्ठा

नाही, बसू नका सिस्टर, त्या खुर्चीवर वायरी आहेत — आणि दार असं धाडकन लोटू नका, दचकायला होतं मला. पुन्हा सांगते, आजींनी बेल दाबली अकरा दहाला, तुम्ही खोलीत गेलात अकरा सतराला, तोवर त्या एकट्याच उठल्या, पडल्या, कंबरेचं हाड मोडलं. कागदावर हेच आहे. तुमची नोकरी जाईल म्हणून मी कागद बदलू? बेल उशिरा वाजली म्हणे — सगळे असंच म्हणतात. तुमच्या टेबलावर ती कधी पोचली, ते माझ्या मशीनमध्ये असतं, आणि ते कुणी मागितलेलं नाही.

गठ्ठा? हा शब्द तुम्हाला कुणी सांगितला? — बरं, ऐका, नाहीतर बाहेर काहीबाही सांगत सुटाल. वायरलेस बेल काय, नाडीची यंत्रं काय, सगळ्यांचे निरोप एकाच हवेतून जातात. प्रत्येकानं आधी कानोसा घ्यायचा, दुसरं कुणी बोलत नाही ना, मग थांबायचं, मग निरोप पाठवायचा, मग पोच यायची वाट बघायची. निरोप चिमूटभर, सोपस्कार टोपलीभर. ते मी कमी केले — एका खोलीतले आठ निरोप जमू द्यायचे, एकदम पाठवायचे, पोच एकच. मोठ्या वॉर्डात आठ निरोप डोळ्याचं पातं लवेपर्यंत जमतात. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, तुम्हीही होतात की तेव्हा, चहाचा कप घेऊन. आता आजींच्या त्या कडेच्या खोलीत एकटी बेल, ती मिनिटाला एकदा ‘मी चालू आहे’ एवढंच कळवते, त्याला मी काय करू? आठ जमले नाहीत तरी दोन सेकंदांनी सोडायचं, अशी अट होती ना — होती, मीच घातलेली — साहेब येणार त्या दिवशी काढली, आकडा जरा बरा दिसावा म्हणून, आणि मग राहून गेलं. राहतं माणसाकडून. तुमच्याकडून नाही राहत? आणि आजींनी तरी — आठदा दाबली असती तर गठ्ठा भरून तेव्हाच गेला असता. माणूस घाबरला की दाबत सुटतो. यांनी एकदाच दाबली. एकदाच, आणि वाट बघत बसल्या — मला कसं माहीत म्हणजे? कालपासून दुसरं काय बघतेय मी —

काय लिहिताय? नाही, स्क्रीनकडे बघू नका. अट सकाळीच परत घातली आहे, तिथे आता काही सापडायचं नाही. चौकशी चारला ना? मग निघा. मी तुमच्याशी काही बोललेच नाही.